पठाण बनून मक्केला गेलेल्या रिचर्ड बर्टनचं उल्हासनगरशीही कनेक्शन आहे

उल्हासनगरमधल्या एखाद्या जुन्या सिंधी घरातलं पुस्तकांचं कपाट उघडून बघा. उजवीकडून डावीकडे वाचायची, अरबी वळणाची पुस्तकं सापडतील. त्याच घरातली पोरं आज दुबईला जाऊन उंटावर बसतात, बेदुईन तंबूत जेवतात आणि रील टाकतात.

या दोन्ही गोष्टींशी एका माणसाचा संबंध येतो. रिचर्ड बर्टन. हॉलिवूडचा नट तो वेगळा.

हा बर्टन १८२१ सालचा. ऑक्सफर्डमधून काढून टाकल्यावर १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी म्हणून तो मुंबईत उतरला. भाषांचं त्याला वेडच होतं. हिंदुस्थानी, गुजराती आणि आपली मराठी, तिन्हींच्या परीक्षा तो पास झाला. पुढे सिंधमध्ये गेल्यावर मिर्झा अब्दुल्ला नावाचा व्यापारी बनून लोकांत मिसळायला लागला.

तेव्हा सिंधी कुठल्या लिपीत लिहायची यावर वाद पेटला होता. कॅप्टन स्टॅक देवनागरीच्या बाजूने, बर्टन अरबीच्या. १८५३ मध्ये ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पात आली, १९४९ मध्ये कॅम्पाचं उल्हासनगर झालं आणि ही लिपीही सोबत आली.

त्याच १८५३ मध्ये बर्टन अरबस्तानात होता. मक्केत मुसलमान नसलेल्याला प्रवेश नाही, पकडला गेला असता तर जीवच गेला असता. म्हणून हा हिंदुस्थानातला पठाण हकीम बनला. तांबड्या समुद्रात पायाला जखम झाली, त्यामुळे उंटाच्या कुशीला बांधलेल्या डोलीत बसून निघाला. उन्हामुळे तांडा रात्री चालायचा. मदिनेच्या वाटेवर एका खिंडीत बेदुईन टोळीने गोळीबार केला, त्यात तांड्यातली १२ माणसं गेली.

पण याच बेदुईन लोकांवर त्याने पुस्तकात भरभरून लिहिलंय. एकदा सोबत मीठ खाल्लं की त्या पाहुण्याला राखायचं, आणि खून झालाच तर सूड घ्यायचा किंवा रक्ताची भरपाई उंटांत मोजून घ्यायची. जिथे पोलीस नाही, कोर्ट नाही, तिथे हाच कायदा. आजच्या सफारीतल्या तंबूत हे दिसत नाही.

इथे एक गोष्ट खटकते. सोबतच्या यात्रेकरूंनी त्याला आपला मानून जेवू घातलं आणि हा त्यांच्यात बसून चोरून टिपणं काढत होता. त्याच्या धाडसाचं कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत.

तिथून तो मुंबईत परतला, पुस्तक लिहिलं आणि जगभर गाजला. १८९० मध्ये त्रिएस्तला वारला. लंडनजवळ मॉर्टलेकला बायकोने, इसाबेलने, त्याची कबर बांधून घेतली. ती अरबी तंबूच्या आकाराची आहे, अख्खी दगडाची, आणि आत उंटांच्या घंटा टांगल्या होत्या.