बार्शीचा मेहबूब पटेल शाहीर अमर शेख कसा झाला

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते आणि गावोगावच्या ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते. अमक्याला मिळाला, तमक्याला का नाही? भजनी मंडळवाल्यांचा एक गायक, तमाशा शौकिनांचा दुसरा, आणि जुनी माणसं म्हणतात, अरे, आमच्या शाहिरांचं काय? सोलापूर जिल्ह्यात त्या चर्चेत एक नाव हमखास निघतं, ते म्हणजे बार्शीच्या शाहीर अमर शेख यांचं. स्वतः गाणं लिहायचं, चाल लावायची आणि हजारोंसमोर उभं राहून स्वतःच गायचं, असा हा माणूस. त्यांच्या नावापुढे पद्म कधी लागलं नाही. तरुण पोरांना तर हे नाव कुणाचं, हेही नीट ठाऊक नसतं. म्हणून ही माहिती.

अमर शेख हे त्यांचं जन्माचं नाव नव्हे. २० ऑक्टोबर १९१६ ला बार्शीत जन्मलेल्या या पोराचं नाव मेहबूब हुसेन पटेल. नाव पटेल असलं तरी घरात पाटीलकीचा थाट काही नव्हता, होती ती गरिबी. आईचं नाव मुनेरबी. तिला लोकगीतं, ओव्या पाठ होत्या. घर मुसलमानाचं, पण कानावर पडत होतं ते याच मातीतलं मराठी गाणं. गाण्याची शाळा म्हणावी तर हीच, दुसरी कुठली मिळाली नाही.

पोट भरायला मेहबूबने मोटारीवर क्लीनरचं काम केलं. आज ज्याला आपण किन्नर म्हणतो, तेच. गाडी धुवायची, टपावर सामान चढवायचं. पुढे गिरणीत लागला. बार्शी तेव्हा गिरण्यांचं आणि व्यापाराचं गाव. गिरणीत कामगारांचे हाल डोळ्यांनी बघितले आणि संप झाला तेव्हा हा पुढे राहिला. त्याचं बक्षीस म्हणजे विसापूरचा तुरुंग. श्रीगोंदा तालुक्यातलं हे विसापूर. तिथे त्यांची गाठ रघुनाथ कऱ्हाडकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्याशी पडली आणि डोक्यात नवा विचार शिरला. बाहेर आले ते लाल बावट्याचे होऊनच.

तुरुंगातून सुटल्यावर पोटाचा प्रश्न होताच. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाचं माहेर. तिथे मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांनी काम धरलं. तिथेच मेहबूब पटेलचा अमर शेख झाला आणि हेच नाव पुढे कायम राहिलं. सिनेमाची हौस मात्र त्यांना फार धरून ठेवू शकली नाही. पुढे आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' आणि नंतर 'प्रपंच' या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या, पण ते सगळं जाता जाता. खरा माणूस पडद्यावरचा नव्हता, मैदानातला होता.

मुंबईत आल्यावर त्यांना जोडीदार भेटले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर. या तिघांनी मिळून चाळीसच्या दशकात लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं आणि खणखणीत गळे, एवढंच भांडवल. पण विषय नवे होते. जुन्या तमाशात गण आणि गवळण देवाची असायची. यांच्याकडे कामगाराचा पगार, सावकाराचं व्याज, महागाई, स्वातंत्र्य हे सगळं गाण्यात आलं. गिरणगावातल्या चाळीत आणि खेड्यातल्या चावडीपुढे एकच कार्यक्रम चालायचा, कारण गिरणीतला कामगार हा गावातूनच तर गेलेला होता.

तिघांत अमर शेखांचा गळा वेगळा. पहाडी आवाज म्हणतात तो हा. नुसतं मोठ्याने ओरडणं आणि पहाडी आवाज यात फरक आहे, हे ज्यांनी पोवाडा ऐकलाय त्यांना सांगायला नको. वरच्या पट्टीत गेल्यावरही शब्द फाटता कामा नये, शेवटच्या रांगेतल्या माणसाला अक्षर न् अक्षर कळलं पाहिजे. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड अण्णा भाऊंनी लिहिली, पण ती महाराष्ट्रभर पोचवण्यात अमर शेखांच्या गळ्याचा वाटा मोठा. दुसऱ्याचं गाणं आपलं मानून गाणं हा मोठेपणा आज कलाकारांत किती दिसतो, ज्याचं त्याने बघावं.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. मुंबईसह मराठी माणसाचं एक राज्य पाहिजे, ही मागणी. १९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोळीबार झाला, पुढे आंदोलनात शंभरावर माणसं गेली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. अत्रे, एस. एम. जोशी, डांगे, प्रबोधनकार असे पुढारी भाषणं करत होते. पण भाषण ऐकायला लोक वेळेवर जमले पाहिजेत ना! ती गर्दी गोळा करायची आणि भाषण संपेपर्यंत जागेवर बसवून ठेवायची, हे काम शाहिरांचं. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील, शाहीर साबळे अशी मोठी फळी होती. तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाईल तर नव्हताच, आणि बऱ्याच घरांत पेपर वाचता येणारा माणूसही नव्हता. राजकारण कळायचं ते पोवाड्यातून. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत जे यश मिळवलं, त्यात या गळ्यांचा वाटा कुणी मोजला नाही आणि मोजता येणारही नाही. १ मे १९६० ला राज्य झालं.

अमर शेख नुसते गाणारे नव्हते, कवी होते. 'कलश' हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ चा आणि 'धरतीमाता' १९६३ चा. 'पहिला बळी' नावाचं नाटकही त्यांनी लिहिलं. शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. बार्शीच्या मुसलमान घरातला, पक्षाने कम्युनिस्ट असलेला माणूस छातीवर हात ठेवून शिवरायांचा पोवाडा गायचा आणि समोरच्या गर्दीत त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. आज ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

१९६२ ला चीनने हल्ला केला. त्या वेळी कम्युनिस्टांकडे लोक संशयाने बघत होते आणि पक्षातही दोन तट पडत होते. अमर शेखांनी मात्र डफ उचलला आणि देशासाठी गाणी रचून गायली, संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केले. गोवामुक्तीच्या लढ्यासाठीही ते आधी गायलेच होते.

पुरस्काराचं म्हणाल, तर त्यांच्या बरोबरीच्यांना काही मान मिळाले. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. अण्णा भाऊंच्या 'फकिरा' कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. शाहीर साबळे यांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेही वयाची सत्तरी ओलांडल्यावर. अमर शेख तेवढे जगलेच नाहीत. आणि पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, अगदीच अपवाद म्हणून देतात. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: पद्मसाठी नाव कुणीही सुचवू शकतं, त्याला आमदार-खासदार लागत नाही. सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर अर्ज भरता येतो. ग्रुपवर भांडणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या हयात शाहिराचं, वासुदेवाचं, गोंधळ्याचं नाव तिथे भरलं तर भांडणापेक्षा बरं. अमर शेखांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली. त्यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात लोककलेचं अध्यासन आहे, हा त्यातल्या त्यात मोठा मान.

१९६९ चं वर्ष या मंडळींना भोवलं. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, तेही हलाखीत. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. त्यांचं वय ५२. अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन मोठे आवाज बंद झाले. ज्या सोलापूर-पुणे रस्त्याने आज आपण तासाभरात इंदापूर मागे टाकतो, त्याच भागात हे घडलं. मोकळ्या मैदानांत ते जे गायले, त्यातलं बरंचसं कुठे टिपलंच गेलं नाही. ऐकणाऱ्यांच्या कानात राहिलं, आणि ती पिढीही आता थकली.

त्यांची मुलगी मलिका त्या वेळी बारा वर्षांची होती. पुढे ती मराठीतली नावाजलेली कवयित्री झाली. कवी नामदेव ढसाळांशी लग्न झाल्यावरही तिच्या पुस्तकांवर नाव छापलं गेलं ते मलिका अमर शेख असंच. पटेल नाही, ढसाळ नाही. कोल्हापूरच्या स्टुडिओत बार्शीच्या मेहबूबला मिळालेलं, तेच नाव.