बायबल वाचणारा सीए

एक प्रयोग करून बघा. मोबाइलच्या नकाशात ‘सेलू’ टाका. दोन सेलू सापडतील. एक आपलं, परभणी जिल्ह्यातलं. दुसरं वर्धा जिल्ह्यातलं, तेही तालुक्याचं गाव आणि तिथंही शिवारात कापूसच. त्या सेलू तालुक्यात, वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर सेलडोह नावाचं गाव आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक तमिळ ख्रिस्ती माणूस तिथं आश्रम काढून राहिला. आश्रमाचं नाव पन्नई, म्हणजे तमिळमध्ये शेत. माणसाचं नाव जे. सी. कुमारप्पा. तुम्ही कॉमर्सला किंवा इकॉनॉमिक्सला असाल आणि हे नाव ऐकलं नसेल, तर लाजू नका. पदवी हातात पडेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. तेव्हाचं नाव जोसेफ कॉर्नेलियस. घर सधन आणि धार्मिक, बायबलचं वाचन रोजचं. पोरगा लंडनला गेला, हिशेब तपासणीचं शिक्षण घेतलं (आजच्या भाषेत सीए झाला), मुंबईत स्वतःची फर्म काढली. सूट, टाय, हातात काठी. थोडक्यात, सेटल्ड.

मग पस्तिशीत साहेब अमेरिकेला शिकायला गेले. आधी सिरॅक्यूज, नंतर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथं त्यांना प्राध्यापक सेलिग्मन भेटले. हे नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर, बाबासाहेब आंबेडकरांचेही तेच गुरू. भारत गरीब का, हा प्रश्न त्यांनी सरकारी जमाखर्चातून शोधायला घेतला. इंग्रज सरकार कर कुणाकडून घेतं आणि खर्च कुणावर करतं, याचे आकडे मांडता मांडता साहेबांचा साहेबपणा उतरू लागला. परत येऊन त्यांनी कॉर्नेलियस सोडून घराण्यातलं जुनं कुमारप्पा हे नाव लावलं.

९ मे १९२९ ला ते हा प्रबंध घेऊन साबरमतीला गेले. झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसला होता. सुटातले कुमारप्पा उभे राहून बघत राहिले, आणि हेच गांधी आहेत हे कळल्यावर इस्त्रीच्या पँटसकट शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त छापला आणि त्यांना खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या मिळकतीची पाहणी करायला धाडलं.

आता बायबलकडे येऊ. १९३० मध्ये सत्याग्रहींवर लाठ्या पडत होत्या आणि चर्चचे बहुतेक पुढारी गप्प होते. कुमारप्पांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या अँग्लिकन धर्मगुरूला, बिशप वेस्टकॉट यांना, थेट पत्र लिहून जाब विचारला. येशूचं नाव घेणारे या वेळी कुणाच्या बाजूला आहेत? स्वतःच्याच समाजात एकटं पडायची तयारी असल्याशिवाय असं पत्र लिहिता येत नाही.

येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायच्या तासाभर आधीही लावतो. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले चिडतात. तुम्हीही चिडला असता. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया किलोच्या भावानं पैसे घेतात, त्यांना ही गोष्ट सांगून बघा, पहिला प्रश्न हाच येईल. पण शेवटच्या मजुराला तरी पोट असतंच की! रस्किनच्या ज्या पुस्तकानं गांधीजी हलले, त्याचं नाव याच गोष्टीतून आलंय. कुमारप्पा या घराण्यातले वाचक. वस्तूच्या किमतीत ती बनवणाऱ्याचे हाल दिसत नाहीत, आणि पिळवणुकीतून आलेली वस्तू स्वस्त म्हणून विकत घेणारा त्या पापात भागीदार असतो, असं ते मांडत. अंगातल्या टी-शर्टचा विचार मी तेव्हापासून जरा टाळतेच.

हिशेबातही ते तसेच कडक. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. खुद्द गांधीजी आपल्या माणसांसह तिथं आले, तर त्यांचा खर्च निधीतून मिळणार नाही, असं यांनी सांगून टाकलं. पैसा भूकंपग्रस्तांचा, विषय संपला. त्याच वर्षी अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत आले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या अशा उद्योगांवर खरंखुरं संशोधन सुरू झालं.

महायुद्धात सरकार नोटा छापून धान्य उचलत होतं. कुमारप्पांनी त्यावर लेख लिहिला, त्याचं नाव ‘भाकरीऐवजी दगड’ अशा अर्थाचं. पोरगं भाकर मागतं तेव्हा कोणता बाप त्याच्या हातात दगड देईल, हा शुभवर्तमानातला प्रश्न त्यांनी चलनवाढीला लावला होता. त्यांना जबलपूरच्या तुरुंगात जावं लागलं. तिथं दोन पुस्तकं झाली. एक येशूच्या आचार-विचारांवर, दुसरं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’. दुसऱ्यात आमराई लुटणारं माकड आहे, पोळ्यासाठी राबणारी मधमाशी आहे आणि पिल्लांना भरवणारी पक्षीण आहे. माणसाची अर्थव्यवस्था यातल्या कुणासारखी चाललीय, ते बघायचं. दोन्ही पुस्तकांना प्रस्तावना गांधीजींची.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या जमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष. १९४९ च्या अहवालात कसणाऱ्यालाच जमीन आणि जमिनीला कमाल मर्यादा, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. आपल्या मराठवाड्यात हैदराबादचा कूळकायदा १९५० चा, म्हणजे त्याच सुमाराचा. आजोबांना विचारा, कोणाची जमीन कुळात गेली नि कोणाला मिळाली, घराघरात एक किस्सा निघेल. दिल्लीनं मात्र मोठी धरणं आणि कारखाने निवडले. कुमारप्पा टीका करत राहिले, फारसं कुणी ऐकलं नाही. ते सेलडोहला गेले, पुढे तब्येत ढासळल्यावर मदुराईजवळच्या आश्रमात. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं.

मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय अजून आहे. चरखे, घाण्या सगळं बघायला मिळतं. तिथून सेलडोहलाही जायचं असेल, तर नकाशात सेलू टाकताना जिल्हा तेवढा तपासून घ्या.