काहाल आणि मेंदूतला डिंक

१ मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. मित्रांनो, याच तारखेला, १८५२ साली, स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या छोट्याशा डोंगरी गावात सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. मी राजूरची, म्हणजे अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागातली. त्यामुळे आडगावातून निघून जगभर पोचलेल्या या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते.

पोराला चित्रकार व्हायचं होतं. वडील डॉक्टर, त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. पोरगाही साधा नव्हता. अकराव्या वर्षी त्याने घरी तोफ बनवली, शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि तुरुंगाची हवा खाल्ली. (मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!) वडिलांनी त्याला न्हाव्याकडे कामाला ठेवलं, बूट शिवणाऱ्याकडेही ठेवलं. शेवटी कबरस्तानातली हाडं आणून त्यांनी स्वतःच त्याला शरीररचना शिकवली. हाडं कागदावर उतरवता उतरवता चित्रकाराचा डॉक्टर झाला.

१८७३ ला पदवी मिळाली. मग लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबाला गेले आणि मलेरिया घेऊन परत आले. १८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या गोल्गी यांची पद्धत पाहिली. चांदीच्या क्षाराने मेंदूतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकी सगळं पारदर्शक राहतं. पण मोठ्या मेंदूत तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, त्यामुळे रंग नीट चढत नाही. काहालांनी युक्ती केली. पक्ष्यांचे गर्भ आणि नुकती जन्मलेली पिल्लं घेतली. १८८८ मध्ये त्यांना स्पष्ट दिसलं की मेंदू म्हणजे सलग जाळं नव्हे, प्रत्येक चेतापेशी वेगळी असते. हे छापायला त्यांनी पदरचे पैसे घालून नियतकालिक काढलं. १९०६ चं नोबेल त्यांना मिळालं ते गोल्गींच्याच जोडीने, आणि गोल्गींना त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत मान्य नव्हतं!

आता खरा मुद्दा. मेंदूत चेतापेशींखेरीज ग्लायल पेशीही असतात. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये डिंक. १८५६ मध्ये फिरशॉ यांनी हे नाव दिलं, कारण या पेशी नुसत्या चिकटवायला आहेत असा समज होता. आमच्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. सगळ्यांची नजर बैलावर, वैरण घालणाऱ्याकडे कोण बघतं? तसंच हे.

काहालांनी बघितलं. १८९५ मध्ये त्यांनी अंदाज मांडला की तारेसारख्या दिसणाऱ्या ग्लायल पेशींचे फाटे झोपेत पसरून चेतापेशींमधला संपर्क तोडतात आणि जागेपणी आकसतात. आपल्या भाषेत, स्विच. १९१३ मध्ये या तारापेशी रंगवण्यासाठी त्यांनी सोन्याच्या क्षाराची पद्धतही शोधली. १७ ऑक्टोबर १९३४ ला माद्रिदमध्ये ते वारले, तेव्हाही या पेशींना काही ऐकू येतं का, हे समजायचं साधन कुणाकडे नव्हतं.

ते पुढे मिळालं. १९९० मध्ये काचपात्रात वाढवलेल्या तारापेशींवर ग्लुटामेट टाकल्यावर त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठल्या. म्हणजे डिंकालाही कान होते! ग्लुटामेट हा चेतापेशींचा निरोप्या, आणि तो ओळखणारे रिसेप्टर तारापेशींवरही निघाले. पण बरेचसे प्रयोग कोवळ्या मेंदूवरचे होते. २०१३ मध्ये दिसलं की लाटा उठवणारा एमग्लूआर-५ हा रिसेप्टर उंदराच्या तारापेशींवरून तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. प्रौढ माणसाच्या तारापेशींवरही तो सापडला नाही. तिथे एमग्लूआर-३ असतो, आणि त्याचं काम वेगळं.

म्हणजे पिल्लांची युक्ती पेशीचा आकार दाखवायला कामी आली, पण पेशी काय ऐकते हे मोठ्या मेंदूलाच विचारावं लागतं. पिल्लावरून मोठ्या माणसाचं औषध ठरवलं तर फसगत होऊ शकते.

काहालांचा स्विच जसाच्या तसा खरा ठरला नाही. तरी प्रौढ मेंदूतल्या तारापेशी नॉरॲड्रेनलिनला जोरदार प्रतिसाद देतात, आणि हे रसायन आपण सावध झालो की वाढतं. झोप आणि जाग यांच्याशी या पेशींचा संबंध आहे, हा त्यांचा प्रश्न मात्र बरोबर जागी होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वाजता रेक्टर सरांची चाहूल लागून तुम्ही दचकून जागे व्हाल, तेव्हा डोक्यातला डिंकही जागा झालेला असेल.