ग्वाल्हेरचं गाणं कृष्णाकाठी आणणारे बाळकृष्णबुवा

बेळगाव, मिरज, कोल्हापूर, धारवाड हा पट्टा आज दोन राज्यांत विभागला असला तरी गाण्याच्या बाबतीत तो एकच मुलूख आहे. या भागात ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल गाणाऱ्यांच्या गुरूंची नावं विचारत मागे गेलं, की चार-पाच पिढ्यांत बहुतेक वेळा एकच नाव येतं. ते नाव म्हणजे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर.

बुवांचा जन्म 1849 चा, इचलकरंजीजवळच्या चंदूर गावातला. गाण्याचे पहिले धडे त्यांनी भाऊबुवा कागवाडकरांसारख्या जवळपासच्या गवयांकडे घेतले. पण त्यांना हवा होता तो ग्वाल्हेरचा ख्याल, आणि तो इकडे शिकायला मिळत नव्हता.

त्या काळी गाणं कागदावर नसायचं. बंदिश गुरूच्या गळ्यात असायची, आणि गुरू गाऊन दाखवील तेव्हाच ती शिष्याच्या गळ्यात उतरायची. स्थायी-अंतरा नीट भरायचा कसा, बोलतान कुठे घ्यायची, समेवर यायचं कसं, हे सगळं समोर बसूनच शिकावं लागे. त्यामुळे गवई हाताचं राखून शिकवत. विद्या हीच पोटाची सोय होती, ती सहसा मुलाला नाहीतर पुतण्याला मिळायची. परक्या मुलाला आधी वर्षानुवर्षं घरची कामं करावी लागत, आणि मग गुरूची मर्जी झाली तर तालीम.

बाळकृष्णबुवा आधी माळव्यात धारला गेले. तिथे देवजीबुवा परांजपे यांच्याकडे ते राहिले. देवजीबुवांकडे ध्रुपद, धमार, ख्याल, टप्पा असं सगळंच होतं. शिक्षण चांगलं चाललं होतं, पण गुरुपत्नीची नाराजी ओढवली आणि बुवांना ते घर सोडावं लागलं, असं सांगतात.

तिथून ते ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींच्या दाराशी गेले. जोशीबुवा सुरुवातीला तयार नव्हते. पुढे काशीत दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा कुठे त्यांनी या मुलाला पदरात घेतलं, अशी हकीकत घराण्यात सांगितली जाते.

वासुदेवबुवांचं नाव इथे महत्त्वाचं आहे. ते हस्सू खाँचे शिष्य. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ हे भाऊ शिंद्यांच्या ग्वाल्हेर दरबारात गात. त्यांचे आजोबा नत्थन पीरबख्श हे या गायकीचे मूळ पुरुष मानले जातात. खाँसाहेबांच्या घरातलं हे गाणं हस्सू खाँनी वासुदेवबुवांसारख्या मराठी शिष्याला दिलं. घराबाहेर, दुसऱ्या धर्माच्या माणसाला! त्यांनी ते दिलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वासुदेवबुवांनीही हात आखडता घेतला नाही. त्यांच्याकडची वर्षं संपवून बाळकृष्णबुवा परतले ते पक्के गवई होऊन. काही काळ ते मुंबईत होते. तिथे त्यांनी गायन समाज काढला, संगीत दर्पण नावाचं मासिकही चालवलं. पण दम्याने त्यांना मुंबई मानवेना. शेवटी ते आपल्या मुलखाकडे वळले. आधी मिरज, मग इचलकरंजी. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांना आश्रय दिला.

स्वतःला विद्या मिळवायला इतके खेटे घालावे लागले, तो माणूस पुढे दोनपैकी एक होतो. एक तर आणखी घट्ट मूठ करतो, नाहीतर दार उघडं ठेवतो. बुवांनी दार उघडं ठेवलं. त्यांच्या शिष्यांची यादी पाहिली की हे कळतं: विष्णू दिगंबर पलुस्कर, गुंडूबुवा इंगळे, अनंत मनोहर जोशी, वामनबुवा चाफेकर, नीलकंठबुवा मिरजकर, मिराशीबुवा. यातल्या प्रत्येकाने पुढे शिकवलं.

विष्णू दिगंबर कुरुंदवाडचे. लहानपणी दत्तजयंतीच्या दिवशी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून ते मिरजेत बुवांकडे गाणं शिकू लागले. तिथे एका समारंभाचं बोलावणं संस्थानिकांच्या मर्जीतल्या विष्णूला आलं, त्याच्या गुरूंना मात्र आलं नाही, असं सांगतात. गवयाची समाजात किंमत काय, हे त्या दिवशी या शिष्याला बोचलं. 1896 साली त्यांनी मिरज सोडली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. फी भरून कुणीही यावं आणि शिकावं, अशी ती शाळा. स्वरलिपीतली पुस्तकं त्यांनी छापली, म्हणजे गुरूच्या गळ्यातली बंदिश आता कागदावरही आली.

दुसरी फांदी नीलकंठबुवांची. त्यांच्याकडे मिरजेला मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. मन्सूर पुढे जयपूर घराण्याचे मोठे गायक झाले, पण पाया इथला. गदगचे अंध गायक पंचाक्षरी गवई हेही नीलकंठबुवांचेच शिष्य. त्यांनी आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई यांनी गदगच्या आश्रमात कितीतरी अंध मुलांना गाण्यावर उभं केलं. म्हणजे हिंदी बंदिशी, मराठी गुरू आणि कानडी शिष्य, असा हा व्यवहार. भाषेवरून तो कुठे अडला नाही.

बाळकृष्णबुवा 1926 साली गेले, विष्णू दिगंबर 1931 मध्ये मिरजेत. पण साखळी थांबली नाही. विष्णू दिगंबरांचे शिष्य बी. आर. देवधर मिरजेचे. मुंबईत त्यांच्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा एक मुलगा शिकायला आला, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. त्याला जग कुमार गंधर्व म्हणून ओळखतं.

आता नावं ओळीने लावून पाहा. नत्थन पीरबख्श, हस्सू खाँ, वासुदेवबुवा जोशी, बाळकृष्णबुवा, विष्णू दिगंबर, देवधर, कुमार गंधर्व. ग्वाल्हेरला निघालेलं गाणं इचलकरंजी-मिरजेवरून लाहोरला गेलं, मुंबईत आलं आणि सुळेभावीच्या पोराच्या गळ्यात बसलं. कुमारजींनी ते पुढे आपल्या पद्धतीने पार बदलून टाकलं, तो वेगळा विषय.

क्षयाच्या आजारामुळे कुमारजी 1948 मध्ये माळव्यात देवासला राहायला गेले आणि 1992 मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले. ज्या धारमधून तरुण बाळकृष्णबुवांना बाहेर पडावं लागलं होतं, ते धार देवासपासून शंभरेक किलोमीटरवर आहे.