डनलॉप : सायकलच्या टायरमध्ये हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर

फ्लॅट हँडलची रोड बाईक घेऊन पन्नास-साठ किलोमीटर मारले की तळहात बधिर होतात आणि पाठ बोलायला लागते. मग आपण जेल सीट, नवीन ग्रिप्स असं काय काय ऑनलाइन शोधत बसतो. पण सायकलवरचे गचके कमी करणारा सगळ्यात मोठा अपग्रेड एका जनावरांच्या डॉक्टरने केलाय, तोही मुलाच्या तीनचाकीवर!

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावात झाला. पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते आयर्लंडला गेले आणि बेलफास्टमध्ये स्थिरावले.

त्यांचा मुलगा जॉनी तीनचाकी चालवायचा. तेव्हा टायर भरीव रबराचे आणि रस्ते दगडांचे. १८८७ मध्ये डनलॉपनी पातळ रबराच्या शीटची नळी बनवली, ती लाकडी चकतीवर कापडाने पक्की केली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात एकदा तीनचाकीचं भरीव टायरचं चाक ढकललं, एकदा ही चकती. भरीव चाक मध्येच पडलं. हवेवालं पार पलीकडच्या फाटकाला जाऊन धडकलं.

असं का झालं? खडा चाकाखाली आला की भरीव टायर अख्खी सायकल वर उचलतो आणि आपटतो. त्यात वेगही जातो आणि आपली हाडंही दुखतात. हवेचा टायर तेवढ्याच जागी दबतो आणि खडा गिळून पुढे जातो. म्हणजे आराम आणि वेग दोन्ही एकाच दुरुस्तीत मिळाले.

७ डिसेंबर १८८८ ला पेटंट मिळालं. १८ मे १८८९ ला बेलफास्टमध्ये विली ह्यूम या सायकलपटूने हेच टायर लावून शर्यती जिंकल्या आणि रेसवाल्यांचे डोळे उघडले. डब्लिनचे उद्योजक हार्वे डू क्रॉस यांनी डनलॉपना सोबत घेऊन कंपनी काढली.

पण पुढे कळलं की रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती. डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं. १८९६ मध्ये कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली, पण डनलॉप त्याआधीच बाहेर पडले होते. मोठा पैसा दुसऱ्यांनी कमावला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. नाव मात्र टिकलं. आपल्या साध्या सायकलच्या व्हॉल्व्हलाही डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात.

आता तुमच्या सायकलकडे बघा. टायर २५ किंवा २८ मिमीचा असेल, तर फ्रेम, फोर्क आणि ब्रेकमध्ये ३२ मिमी बसतो का ते दुकानात तपासून घ्या. टायरवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. दर राईडला ५ पीएसआय कमी करून बघा, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवा. खड्ड्यात रिम आपटायला लागली तर लगेच वाढवा, नाहीतर ट्यूब चिमटून पंक्चर होईल.

सीट आणि ग्रिप्सचा खर्च त्यानंतर. आधी पंप हातात घ्या.