फलटणचे श्रीचक्रपाणी प्रभू

सातारा जिल्ह्यातील फलटण हे पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी प्रभूंचे अवतारस्थान होय. 12व्या शतकात तेथे जनकनायक व जनकाइसा हे कऱ्हाडे ब्राह्मण दांपत्य राहत असे. संतान नसल्याने खचलेल्या जनकाइसांनी चांगदेव या देवतेस आळविले व पुत्र झाल्यावर त्यास तेच नाव ठेविले, असे परंपरा सांगते. आता देवतेपुढे केलेली याचना आपल्या शास्त्रास मान्य नाही. परंतु त्या माउलीस परमेश्वराचे ज्ञान कोठे होते? तिची आर्ती मात्र खरी होती, आणि जे आले ते देवतेच्या देण्याच्या कितीतरी पलीकडचे होते.

पुढे कमळाइसांशी विवाह झाला. पत्नीचा विषयाचा आग्रह व्रतदिवशीही सुटेना, तेव्हा प्रभू उदास झाले. त्यांनी वाद केला नाही, दोष दिला नाही. माहूरास निघालेल्या यात्रेकरूंसमवेत ते घराबाहेर पडले. तेथे मेरुवाळ्याच्या वाटेवर जाळीतून श्रीदत्तात्रेय प्रभू व्याघ्रवेषाने प्रकटले व गर्जना करून त्यांनी मस्तकी चवडा ठेविला. सोबतचे लोक भयाने पळाले. प्रभू मात्र तेथेच राहिले आणि त्यांनी शक्तीचा स्वीकार केला. बळ मागावयास गेलेल्या साधकाने येथे थोडे थांबावे: बळ देणारा हात वाघाच्या पंजासारखाही दिसू शकतो.

त्यानंतर द्वारावती. फलटणच्या संपन्न घरातील हा पुरुष हाती खराटा व सूप घेऊन तेथील रस्ते झाडू लागला. झाडलेला केर सुपात भरून गोमतीत टाकावा, हा नित्यक्रम. पाहणाऱ्यास तो वेडाच वाटावा. परंतु ज्याच्या मस्तकी ते सूप वा खराटा लागला, त्यास विद्या लाभली. असे बावन्न पुरुष झाले. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंनीही येथेच शक्तिस्वीकार केला. ज्यांना कोणी दीक्षेचा अधिकारी मानले नसते, अशांचाही त्या बावन्नांत समावेश असेल काय, हा विचार भाविकाच्या मनास सहज शिवतो.

शेवटचा विरोध कामाख्येचा. ती हठयोगिनी गुंफेच्या दारी रतीची मागणी घेऊन बसली व हटेना. प्रभूंनी तिला शाप दिला नाही, योगबळाने दूरही लोटले नाही. सात दिवस लोटल्यावर त्यांनी देहच ठेविला. आणि गुजरातेत भडोच येथे प्रधानपुत्र हरपाळदेव यांचे जे प्रेत स्मशानी नेले होते, त्यात प्रवेश करून ते उठून बसले. तेच पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी.