सहा महिने नव्हे, पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

आज विहिरीवरचा पंप सुरू करताना त्यावरचं नाव कुणी वाचत बसत नाही. पण त्या नावामागचा माणूस एकेकाळी बेळगावात लोखंडी नांगर घेऊन बसला होता आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदांताचे अभ्यासक, पोराचं मन मात्र पुस्तकात कमी, चित्रात आणि यंत्रात जास्त. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून वाईट काय असणार? रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्र उघडायची, बघायची, पुन्हा जोडायची सवय लागली. खरी शाळा ती.

1888 मध्ये भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं नोकरीत हक्काची बढती दुसऱ्याला गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि गावाकडचा रस्ता धरला. दुकानाशेजारी छोटा कारखाना उभा राहिला. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

आता नांगराचं बघा. लाकडी नांगर माती उकरतो, सरी पाडतो, पण माती पालथी घालत नाही. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा खालची माती वर आणतो. हराळी, कुंदा असलं चिवट तण मुळासकट उघडं पडून उन्हात वाळतं. फायदा एवढा सरळ असूनही लोक म्हणायचे, लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं, रान नासतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसणं सोपं आहे. पण ज्याचं वर्षाचं पोट एका रानावर, तो परक्या अवजारावर एक अख्खा हंगाम कशाला लावेल? लक्ष्मणराव त्यांच्यावर चिडले नाहीत. अवजार चांगलं असेल तर ते रानातच दिसलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. परदेशी मासिकं वाचून ते नवं शिकायचे, पण परदेशी यंत्र जसंच्या तसं आणून विकण्यात त्यांना रस नव्हता. इथली माती, इथले बैल आणि गावच्या लोहाराला जमेल अशी दुरुस्ती, यात जे बसेल तेच विज्ञान कामाचं, असा त्यांचा हिशेब होता.

मग बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. कारखाना उचलायचा कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली. जमीन म्हणजे काय, निवडुंग आणि साप! 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येते, आणि स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं.

वाडीत नुसतं लोखंडच ओतलं गेलं नाही. शिवाशिव मानायची नाही, असा तिथला दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर ठेवलं. जो कारखान्यात नवं आणतो पण घरात जुन्या रूढी तशाच ठेवतो, त्याची प्रगती अर्धीच, असं ते मानत. त्या काळात हे बोलणारे बरेच होते, पण पगारपत्रकावर आणणारे थोडे.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, मग मोठे पंप आले. पुतणे शंकरराव यांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून आला. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना निघाला आणि मोटेवर राबणाऱ्या बैलांचं काम इंजिनाकडं जाऊ लागलं.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर लोखंडी नांगर गावोगावच्या रानात फिरत होता.